वैद्यक-विज्ञान संयुक्त शिक्षण : संशोधन क्षेत्राची निवड

वैद्यकाची पदवी आणि पीएच्.डी. ही संशोधनाची पदवी एकाच सलग अभ्यासक्रमात संपादन करण्याच्या पद्धतीस वैद्यक-विज्ञान संयुक्त शिक्षण म्हणतात. रुग्णाच्या खाटेजवळ उद्भवलेला प्रश्न प्रयोगशाळेत नेणे आणि तेथे मिळालेले उत्तर पुन्हा रुग्णापर्यंत आणणे, ही दोन्ही कामे करू शकणारी व्यक्ती, म्हणजे वैद्य-वैज्ञानिक, तयार करणे हा या शिक्षणाचा उद्देश होय. ही पद्धती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली असून तेथे ती ‘एम्.डी.-पीएच्.डी.’ या जोडनावाने ओळखली जाते. भारतीय वाचकाने येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे : अमेरिकेत एम्.डी. ही वैद्यकाची पहिली पदवी असून ती भारतातील एम्.बी.बी.एस्. या पदवीशी तुल्य आहे, भारतातील एम्.डी. ही त्यापुढील विशेषज्ञतेची पदवी होय. प्रस्तुत नोंदीत अन्यथा उल्लेख नसल्यास एम्.डी. ही संज्ञा अमेरिकी अर्थाने वापरली आहे.

अभ्यासक्रमाची रचना : सर्वसाधारणपणे विद्यार्थी प्रथम सुमारे दोन वर्षे शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान, जीवरसायनशास्त्र, विकृतिविज्ञान (रोगामुळे शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणारे शास्त्र) इ. पायाभूत विषय शिकतो. त्यानंतर तो वैद्यकाचे शिक्षण थांबवून तीन ते पाच वर्षे प्रयोगशाळेत पूर्ण वेळ संशोधन करतो व प्रबंध सादर करतो. अखेरची सुमारे दोन वर्षे रुग्णालयातील प्रत्यक्ष शिक्षणाची असतात. दोन्ही पदव्या हाती येईपर्यंत साधारणतः आठ वर्षे लागतात. पुढे निवासी वैद्य म्हणून विशेषज्ञतेचे शिक्षण, त्यानंतर बहुधा उपविशेषज्ञतेचे शिक्षण आणि पुन्हा काही वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत उमेदवारी, असा क्रम असतो. स्वतंत्र संशोधक म्हणून पहिले मोठे अनुदान मिळते, तेव्हा बहुतेकांनी चाळिशी ओलांडलेली असते.

संशोधन क्षेत्र निवडण्यातील अडचणीचे मूळ टप्प्यांच्या या क्रमातच आहे. क्षेत्र निवडण्याची वेळ येते, तेव्हा विद्यार्थ्याने पुस्तके पुष्कळ वाचलेली असतात. पण रुग्ण मात्र जवळजवळ पाहिलेलेच नसतात. आपण पुढे हृद्रोगतज्ञ होणार, की बालरोगतज्ञ, की विकृतिवैज्ञानिक, हे त्यास खात्रीने सांगता येत नाही. अनेकांचा बेत रुग्णालयातील दोन वर्षांत बदलतो. दुसरी अडचण अशी की, प्रबंध पुरा होताच विद्यार्थ्यास प्रयोगशाळा सोडावी लागते आणि तो तेथे पूर्ण वेळ परततो तो पाच-सहा वर्षांनी, कधीकधी त्याहूनही उशिरा. एवढ्या काळात प्रयोगाची तंत्रे बदलतात, उपकरणे जुनी होतात आणि ज्या प्रश्नावर प्रबंध लिहिला तो अन्य कोणीतरी सोडविलेला असतो. केवळ विज्ञानाची पीएच्.डी. घेणाऱ्यास असा खंड सोसावा लागत नाही. त्याचे प्रबंधाचे क्षेत्र बहुधा त्याच्या पुढील कार्याचा थेट आरंभ असतो. वैद्य-वैज्ञानिकाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

इतिहास : क्लीव्हलँड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात (१९६७ पासून केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ) १९५६ च्या सुमारास संयुक्त पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९६४ मध्ये वैद्य-वैज्ञानिक प्रशिक्षण योजना आखली. प्रारंभी तीत ॲल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालय, न्यूयॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ या तीनच संस्था होत्या. आता सुमारे पन्नास संस्थांना या योजनेचा लाभ मिळतो. शिक्षणशुल्क माफ आणि निर्वाहवेतन चालू, असे योजनेचे स्वरूप आहे. अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण अत्यंत खर्चाचे असल्याने विद्यार्थ्यावर कर्जाचा मोठा बोजा पडतो व तो फेडण्यासाठी पदवीधर खाजगी व्यवसायाकडे वळतो. ती ओढ कमी करणे हाही योजनेमागील एक हेतू होता. जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात रुग्णसंबद्ध संशोधन करणाऱ्या वैद्यांची गणना नामशेष होऊ घातलेल्या जातींत केली होती. हे वाइनगार्डन १९८२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे संचालक झाले. तेव्हा व्यक्त झालेली ती चिंता अद्याप पुरती मावळलेली नाही.

संयुक्त पदवी हा वैद्य-वैज्ञानिक होण्याचा एकमेव मार्ग मात्र नाही. व्हिएटनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत तरुण वैद्यांना सक्तीची सैनिकी सेवा होती. सार्वजनिक आरोग्य सेवेत रुजू होऊन राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळांत दोन-तीन वर्षे काम केल्यास तीमधून सूट मिळत असे. साहजिकच या जागांसाठी मोठी चुरस होती. १९६८ मध्ये तेथे दाखल झालेल्या वैद्यांत मायकेल ब्राउन, जोसेफ गोल्डस्टाइन, रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि हॅरल्ड व्हार्मस हे चौघे होते. यांपैकी कोणाकडेही पीएच्.डी. नव्हती, चौघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धाने विज्ञानाची केलेली ही सेवा अनपेक्षितच म्हटली पाहिजे. सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली आणि हा ओघ आटला. त्यामुळे संयुक्त पदवीच्या अभ्यासक्रमाचे महत्त्व वाढले.

क्षेत्र निवडीची काही उदाहरणे : विद्यार्थ्यांमध्ये, आणि त्यांच्या पालकांमध्ये तर विशेषच, अशी समजूत आढळते की, पीएच्.डी. चा विषय एखाद्या रोगाशी जितका निकट तितका तो भावी वैद्यास उपयुक्त. कर्करोगतज्ञ व्हावयाचे असल्यास कर्करोगावर प्रबंध लिहावा, हृद्रोगतज्ञ व्हावयाचे असल्यास हृदयावर. वैद्य-वैज्ञानिकांची चरित्रे पाहता या समजुतीस फारसा आधार सापडत नाही.

वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील औषधिक्रियाविज्ञान विभागाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या विभागाचे प्रमुख अर्ल सदरलँड आणि त्यांचे सहकारी थीओडोर रॉल हे ॲड्रेनॅलीन या हॉर्मोनाने यकृतातील साठविलेल्या ग्लायकोजेनाचे ग्लुकोज कसे होते, या वरवर पाहता अगदी मर्यादित अशा प्रश्नावर काम करीत होते. हॉर्मोन कोशिकेच्या आत शिरत नाही. ते तिच्या पृष्ठभागावर कार्य करते आणि आत चक्रीय एएमपी नावाचे एक लहान संयुग तयार होऊन तेच पुढचा निरोप पोहोचविते, असे त्यांना आढळून आले. या ‘दुय्यम दूता’च्या शोधाबद्दल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फेरिद मुराद हे संयुक्त अभ्यासक्रमाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांनी याच विभागात चक्रीय एएमपीवर काम करून १९६५ मध्ये दोन्ही पदव्या मिळविल्या. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी आपले लक्ष चक्रीय जीएमपी या सदृश संयुगाकडे वळविले. हृदयशूळावर शतकभर वापरात असलेले नायट्रोग्लिसरीन हे औषध नायट्रिक ऑक्साइड हा वायू मुक्त करते व त्यायोगे चक्रीय जीएमपी वाढून रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल होतात, असे त्यांनी १९७७ च्या सुमारास दाखविले. या कार्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट आणि लुइस इग्नॅरो यांच्यासमवेत त्यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयशूळाच्या औषधाचे रहस्य अशा रीतीने यकृतावरील संशोधनात तयार झालेल्या दृष्टीमुळे उलगडले.

त्याच विभागातील ॲल्फ्रेड गिलमन यांची कथा थोडी वेगळी आहे. त्यांच्या प्रवेशाच्या सुमारासच सदरलँड अन्य विद्यापीठात निघून गेले. प्रख्यात मार्गदर्शक हातचा गेला म्हणून गिलमन यांनी क्षेत्र बदलले नाही. रॉल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९६९ मध्ये दोन्ही पदव्या पूर्ण केल्या. हॉर्मोनाचा निरोप पृष्ठभागावरील ग्राहीकडून (हॉर्मोन ज्यास चिकटते त्या प्रथिनाकडून) आतील एंझाइमाकडे कोण पोहोचवितो, हा प्रश्न सदरलँड यांच्या काळापासून मोकळाच होता. तो मध्यस्थ म्हणजे जी-प्रथिन, हे गिलमन व मार्टिन रॉडबेल यांनी सिद्ध केले. त्यासाठी त्यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एका विभागातील एका प्रश्नाने दोन विद्यार्थ्यांना आयुष्यभराचे काम पुरविले. त्यांना तेथे रोगाचे नाव कोणी दिले नव्हते.

क्षेत्र पूर्णतः बदलल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. ग्रेग सेमेन्झा यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८४ मध्ये बीटा थॅलॅसीमिया या आनुवंशिक रक्तरोगावर पीएच्.डी. केली व नंतर बालरोगविज्ञान आणि आनुवंशिकी यांचे शिक्षण घेतले. ऑक्सिजनाची उणीव कोशिकेस कशी जाणवते, या त्यांच्या शोधास २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले; त्याचा आरंभ तांबड्या कोशिकांची निर्मिती वाढविणाऱ्या एरिथ्रोपोएटीन या हॉर्मोनाच्या जनुकापासून झाला होता. जनुकाचे नियंत्रण कसे होते हा प्रबंधातील विचार टिकला, रोग मात्र मागे पडला. फ्रान्सिस कॉलिन्स यांची पीएच्.डी. तर भौतिकीय रसायनशास्त्रातील (येल विद्यापीठ, १९७४). एम्.डी. त्यांनी नंतर, १९७७ मध्ये घेतली. लॅप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन यांच्यासमवेत १९८९ मध्ये त्यांनी पुटी तंत्वात्मकता (सिस्टिक फायब्रोसिस) या रोगाचे जनुक शोधून काढले आणि पुढे मानवी जीनोम प्रकल्पाचे नेतृत्व केले. उलट, ड्रू वाइसमन यांनी बॉस्टन विद्यापीठात १९८७ मध्ये संपादन केलेली रोगप्रतिकारविज्ञानातील पीएच्.डी. त्यांच्या सर्व कार्यात स्पष्ट दिसते. कॅटॅलिन कॅरिको यांना आरएनए रेणूचे रसायन अवगत होते, तर हा रेणू शरीरात दाह का निर्माण करतो हे ओळखण्याची दृष्टी वाइसमन यांच्याकडे होती. त्यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेले तंत्र कोव्हिड-१९ वरील लशींत वापरले गेले व २०२३ चे नोबेल पारितोषिक दोघांस मिळाले.

सर्वांत धाडसी बदल बहुधा रॉडरिक मॅकिनन यांचा होय. ते एम्.डी. (टफ्ट्स विद्यापीठ, १९८२) असून त्यांनी पीएच्.डी. केलेली नाही. निवासी वैद्य म्हणून शिक्षण पुरे झाल्यावर ते आपल्या पदवीपूर्व काळातील मार्गदर्शकाकडे परतले आणि कोशिकापटलातील आयन मार्गांचा (विद्युत् भारित कणांना ये-जा करू देणाऱ्या प्रथिनांचा) अभ्यास करू लागले. मार्गाची प्रत्यक्ष रचना पाहिल्यावाचून प्रश्न सुटणार नाही, हे पटल्यावर त्यांनी प्राध्यापक असतानाच क्ष-किरण स्फटिकविज्ञान हे सर्वस्वी नवे तंत्र प्रारंभापासून शिकून घेतले. पोटॅशियम आयन मार्गाची रचना त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रश्न पक्का असल्यास तंत्र उशिराही शिकता येते. याच्या उलट स्थिती, म्हणजे तंत्र हाती आहे पण प्रश्न नाही, अधिक वेळा आढळते व ती अधिक अवघड असते.

येथे नोबेल पारितोषिकाचे मानकरी उदाहरणादाखल घेतले आहेत ते त्यांची चरित्रे सर्वज्ञात आहेत म्हणून. बहुसंख्य पदवीधर शैक्षणिक रुग्णालयांत किंवा संशोधन संस्थांत काम करतात. काहींचे संशोधन मात्र रुग्णसेवेच्या रेट्यात हळूहळू बंद पडते. क्षेत्र निवडताना या शक्यतेचाही विचार करावा लागतो.

निवडीचे निकष : संयुक्त अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्थांत विद्यार्थ्यास अंतिम निवडीपूर्वी दोन-तीन प्रयोगशाळांत प्रत्येकी काही आठवडे काम करावे लागते. ही फेरी बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत होते. तीत विद्यार्थी विषयाची परीक्षा घेतो असे मानले जाते. वस्तुतः त्याने माणसांची परीक्षा घेणे अधिक महत्त्वाचे असते. मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या नोंदवह्या स्वतः वाचतो काय, फसलेल्या प्रयोगाची चर्चा उघडपणे होते काय, पूर्वीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले व आज काय करीत आहेत, या गोष्टी मार्गदर्शकाच्या कीर्तीपेक्षा अधिक बोलक्या असतात. अतिशय कीर्तिमान मार्गदर्शक पुष्कळदा प्रवासातच असतात. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट ठेवून आलेला विद्यार्थी ठराविक वर्षी रुग्णालयात परतला पाहिजे, याची जाणीव नसलेला मार्गदर्शक त्याची वर्षे नकळत खर्ची घालतो.

प्रश्नाचा आवाका हा दुसरा निकष. तीन-चार वर्षांत होकारार्थी वा नकारार्थी, पण निश्चित उत्तर मिळू शकेल असा प्रश्न प्रबंधास योग्य ठरतो. वृद्धत्वाशी निगडित रोगांचा अभ्यास उंदरांत करावयाचा तर उंदीर म्हातारा होईपर्यंतच दोन वर्षे जातात. प्रयोग चुकला, तर ती पुन्हा द्यावी लागतात. अशा क्षेत्रात जाऊ नये असे नाही. पण तेथे मुख्य प्रश्नासोबत लवकर फळ देणारा एखादा उपप्रश्न हाताशी असणे इष्ट असते. ज्या प्रयोगाचा निष्कर्ष कोणताही निघाला तरी काही शिकावयास मिळते तो प्रयोग चांगला, ही कसोटी येथे विशेष लागू पडते.

तिसरा निकष विद्येचा. जीवरसायनशास्त्र, कोशिकाविज्ञान, आनुवंशिकी, रोगप्रतिकारविज्ञान, तंत्रिकाविज्ञान व औषधिक्रियाविज्ञान ही क्षेत्रे परंपरेने अधिक निवडली जातात. अलीकडे जैववैद्यकीय अभियांत्रिकी, संख्याशास्त्र व संगणकीय जीवविज्ञान यांकडेही ओढा आहे. या विद्यांतील गणित व भौतिकी पुढे, रुग्णालयातील रात्रपाळ्या करता करता, शिकणे जवळजवळ अशक्य असते. याउलट एखाद्या रोगाची माहिती वैद्यास त्याच्या व्यवसायात आपोआप मिळत राहते. म्हणून जी विद्या नंतर मिळविणे कठीण ती पीएच्.डी. च्या काळात पदरात पाडून घ्यावी, हा युक्तिवाद सबळ वाटतो. त्याची मर्यादा इतकीच की, नावडत्या विषयात चार वर्षे काढणे कोणासही साधत नाही.

भावी विशेषज्ञतेचा मेळ हा निकष शेवटी येतो. विकृतिविज्ञान, तंत्रिकावैद्यक, बालरोगविज्ञान आणि कायचिकित्सा या शाखांत प्रयोगशाळेसाठी आठवड्यातील बहुतेक दिवस राखून ठेवण्याची प्रथा आहे. शस्त्रक्रियाविज्ञानात हाताचा सराव सुटून चालत नसल्याने तसे करणे कठीण जाते. तथापि हा विचार विशेषज्ञता निवडताना करावयाचा. त्यापूर्वी चार-पाच वर्षे प्रबंधाचे क्षेत्र ठरविताना त्याचा उपयोग थोडाच.

प्रयोगशाळेबाहेरील क्षेत्रे : रोगपरिस्थितिविज्ञान (लोकसमूहांतील रोगांच्या प्रसाराचा अभ्यास), अर्थशास्त्र, मानवशास्त्र व इतिहास या विषयांतही काही विद्यापीठे संयुक्त पदवी देतात. पॉल फार्मर यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात १९९० मध्ये एम्.डी. सोबत मानवशास्त्रात पीएच्.डी. मिळविली. त्यांचा अभ्यास हैती या देशातील एड्स रोगाविषयी होता. विद्यार्थिदशेतच ते त्या देशातील ग्रामीण भागात रुग्णसेवा करू लागले होते आणि २०२२ मध्ये मृत्यू होईपर्यंत गरीब देशांतील क्षयरोग व एड्स यांवरील उपचार हेच त्यांचे कार्य राहिले. येथे प्रबंधाचे क्षेत्र आणि जीवितकार्य यांत अंतर पडलेच नाही. निवडीपूर्वी त्यांनी रुग्ण पाहिलेले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भारतातील स्थिती : भारतात पीएच्.डी. करू इच्छिणारा वैद्य बहुधा एम्.बी.बी.एस्. किंवा त्यापुढील एम्.डी. पूर्ण करूनच संशोधनाकडे वळतो. त्यामुळे अमेरिकेतील क्रम येथे उलटा होतो. रुग्ण पाहिल्यानंतर प्रश्न निवडता येतो हा त्याचा मोठा लाभ. वय वाढलेले असते, कुटुंबाची जबाबदारी आलेली असते आणि खाजगी व्यवसायातील प्राप्ती समोर दिसत असते, हा तोटा. शिवाय येथील एम्.डी. साठीही प्रबंध लिहावा लागतो. पण रुग्णसेवेच्या भारामुळे तो बहुधा उपचारापुरता उरतो व त्यास संशोधनाचे शिक्षण म्हणणे अवघड आहे.

भारतीय रुग्णालयांत प्रश्नांची वाण कधीच नव्हती. मुंबईतील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांवरून कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध दाखवून दिला. तोंडात तंबाखू धरून ठेवणे, कमरेला धोतर घट्ट आवळून नेसणे अशा सवयींची त्यांनी केलेली चिकित्सा अन्य देशांतील कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडली नसती.

शंभुनाथ डे (१९१५–८५) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. कलकत्त्यातील वैद्यकाच्या पदवीनंतर त्यांनी लंडन येथे रॉय कॅमेरन यांच्या हाताखाली विकृतिविज्ञानात १९४९ मध्ये पीएच्.डी. मिळविली. फुप्फुसात पाणी साचण्याच्या विकाराचे प्राण्यांवरील प्रयोग हा त्यांच्या तेथील कामाचा एक भाग होता. कलकत्त्यास परतल्यावर समोर पटकीचे रुग्ण होते. पटकीचा जंतू शरीरभर विष पसरवून मारतो, ही तत्कालीन समजूत सोडून त्यांनी आतड्यातच पाणी का साचते असा प्रश्न विचारला. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडण्याची त्यांची प्रयोगपद्धती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तोच परिणाम होतो, म्हणजेच पटकी हा एका विषद्रव्याचा खेळ आहे, हे त्यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. हे विष आतड्याच्या कोशिकांतील चक्रीय एएमपी वाढविते, आणि ते गिलमन यांनी शोधलेल्या जी-प्रथिनासच जखडून तसे करते, ही गोष्ट पुढील दोन दशकांत इतरांनी दाखविली. क्लीव्हलँडमधील यकृताचा प्रश्न आणि कलकत्त्यातील पटकीचा प्रश्न असे एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाले. डे यांना साधी साधने व अल्प साहाय्य यांवर भागवावे लागले; भारतात त्यांच्या कार्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद वैद्यकीय पदवीधरांच्या पीएच्.डी. साठी साहाय्य देते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये पदव्युत्तर वैद्यक विद्यालय व आठशे खाटांचे रुग्णालय उभारण्याची घोषणा केली. तेथील आराखड्यात भारतीय अर्थाची एम्.डी. आणि पीएच्.डी. यांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. म्हणजे तेथे विद्यार्थी संशोधनाचे क्षेत्र ठरवील, तेव्हा एम्.बी.बी.एस्. आणि रुग्णालयातील उमेदवारीचे वर्ष त्याच्या पाठीशी असेल.